बिअरचं विरजण

पालमच्या हायस्कुलात इतिहास शिकवणाऱ्या व्यंकटराव झरीकर मास्तरांना मुतखडा झाल्याची बातमी मास्तर घरी पोचायच्या आधीच घरी पोचली होती. चूक मास्तरांचीच. परभणीच्या डॉक्टरांनी दिलेला एक्स-रे त्यांनी परत येताना एसटीच्या खिडकीशी उजेडात धरला, आणि एसटीत उजेडात धरलेली गोष्ट खाजगी राहत नसते. मागच्या बाकावरच्या चौघांनी माना लांब करून तो नीट पाहिला. "हरभऱ्याच्या दाळीयेवढा हाय बगा," एकानं निकाल दिला. "आमच्या मेव्हण्याचा याच्याहून बारका व्हता, तरी लय लोळला." स्टँडवर मास्तर सीटखाली गेलेली चप्पल शोधत राहिले, तेवढ्यात हे चौघं उतरून चार दिशांना गेले. मास्तर गल्लीत शिरले तेव्हा तीन ओट्यांवरून त्यांच्याकडे हळहळून पाहिलं जात होतं.

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालच्या मे महिन्याची ही गोष्ट. शाळेला सुट्टी लागलेली, आणि उन्हाळा असा की दुपारी कुत्रीसुद्धा भुंकायचं पुढं ढकलत.

डॉक्टरांचं म्हणणं सोपं होतं. रोज चार-पाच लिटर पाणी प्यायचं आणि महिनाभर वाट बघायची. खडा पडला तर उत्तम. नाही पडला तर पाच जूनला औरंगाबादला जाऊन कापून काढायचा. यातलं मास्तरांनी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. मास्तरांचे वडील हर्नियाच्या ऑपरेशनला गेले, ते हसत हसत टांग्यात बसून गेले होते, आणि परत आणले तेव्हा आडवे होते. मास्तर त्या वेळी नऊ वर्षांचे होते. हे ते कुणाला सांगत नसत, पण दवाखान्यातल्या फिनेलचा वास आला की या वयातही त्यांचे पाय दारातूनच मागं फिरत.

राहिलं पाणी. तर पाण्याशी मास्तरांचं जन्माचं वाकडं. पालमच्या बोअरचं पाणी मचूळ, आणि मास्तरांची जीभ नाजूक. सकाळी दोन घोट, जेवताना दोन घोट, एवढ्यावर त्यांनी एकावन्न वर्षं काढली होती. त्यांच्या पत्नी सुमंगलाबाई तांब्या घेऊन मागं लागल्या की ते म्हणत, "ठेव तिथं, पितो." त्या तांब्यात मग संध्याकाळी चिमण्या आंघोळ करून जात.

अशा वेळी माणसाला सल्ला लागतो, आणि पालममध्ये सल्ल्याचा दुष्काळ कधीच पडलेला नाही. पहिला आला बन्सीधर. गावातल्या दवाखान्यात तो बावीस वर्षं कंपाउंडर होता. त्यामुळं गावातले दोन डॉक्टर बदलून गेले तरी औषध बन्सीधरचंच चालू होतं.

"मास्तर, खड्याला एकच इलाज हाय," तो हळूच म्हणाला. "बिअर. रोज एक बाटली. आठ दिवसांत खडा विरघळून पाणी व्हतंय."

मास्तरांनी कानांवर हात ठेवले. ज्या माणसानं वीस वर्षं शाळेच्या फळ्यावर रोज सकाळी स्वतःच्या अक्षरात सुविचार लिहिला, त्यानं बिअर प्यायची? पण पाच जून ही तारीख कॅलेंडरवर दिसायला लागली होती. त्या दिवशीच्या चौकोनात छापलेलं आंबा-लोणच्याच्या मसाल्याचं चित्रसुद्धा मास्तरांना अशुभ वाटू लागलं. दोन दिवसांनी त्यांनी कानांवरचे हात काढले.

शेजारचे अण्णासाहेब तहसिलीतून पेशकार म्हणून निवृत्त झालेले. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले, आणि लेखी कागदाशिवाय श्वासही न घेणारे. "मास्तर, प्यायला माझी हरकत नाही," ते म्हणाले. "पण मामला बाकायदा पाहिजे. परवाना काढा. मी दरख्वास्त लिहून देतो." आणि त्यांनी खरोखरच दौत-टाक काढून अर्ज लिहिला: 'मेहेरबान साहेबांचे सेवेशी. अर्जदार हा व्यसनी इसम नसून केवळ खडाग्रस्त आहे. सदर बिअर अर्जदार चैनीखातर न पिता नाइलाजाने व तोंड वाकडे करून पिणार आहे, तरी परवाना मिळावा.'

नामांतराच्या मोर्च्यामुळं दोन दिवस एसटी बंद होती. तिसऱ्या दिवशी मास्तर परभणीच्या कचेरीत उभे राहिले. टेबलामागं त्यांचाच जुना विद्यार्थी बसलेला. या गृहस्थानं दहावीच्या तिमाहीत इतिहासात सात मार्क मिळवले होते, पण गुरूविषयी त्याचा आदर कधी कमी झाला नाही. त्या आदरापोटीच तो खुर्चीवरून उठून सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सर, तुमी? दारूचा परवाना? बसा बसा."

मास्तर बसले. कचेरीतली सगळी डोकी वर झाली.

"कधीपासून घेता सर?" विद्यार्थ्यानं फॉर्म पुढं ओढला.

"अजून घेतलेली नाही."

"तसा रकाना न्हाई सर. एक वर्षापासून, पाच वर्षांपासून, न्हाईतर बऱ्याच वर्षांपासून. यातलं एक सांगा."

मास्तरांनी तिन्ही रकाने पुन्हा वाचले. विद्यार्थ्यानं त्यांच्या वयाचा मान राखून 'बऱ्याच वर्षांपासून' असं लिहिलं आणि फॉर्म फाइलीत ठेवला. "साहेब ट्रेनिंगला गेलेत, दीड महिना तरी लागंल," तो म्हणाला. "तवर एका दिवसाचा परवाना देतो. याच्यावर आज एक बाटली भेटंल. उद्या पाहिजे असली तर उद्या परत यायचं." मास्तरांनी मनातल्या मनात ठरवलं की या जन्मी आपण या कचेरीची पायरी पुन्हा चढणार नाही.

दारूच्या दुकानासमोरच्या सायकलवाल्याकडं त्यांनी पाऊण तास एका ट्यूबचा भाव केला. रस्त्यावर ओळखीचं कुणी नाही असं पाहून मग ते पटकन पलीकडं गेले. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली, पिशवीत घातली आणि वर दोडके रचले. एवढी काळजी घेतल्यावर देवानं तरी त्यांची लाज राखायला हवी होती, पण देवाच्या मनात निराळंच होतं. पोखर्णीच्या फाट्यावर नरसिंहाचं दर्शन घेऊन धुरपताबाई एसटीत चढल्या आणि मास्तरांशेजारीच येऊन बसल्या. धुरपताबाई म्हणजे मास्तरांकडं रोज दूध घालणारी शेतकरीण. बाई मनानं सोन्यासारखी, आवाजानं मात्र नगारा.

"काय हाय मास्तर पिशवीत?"

"औषध."

"द्या हिकडं. गाडी लय आदळायलीय, खड्ड्यात फुटंल." त्यांनी पिशवी आपल्या मांडीवर घेतली, दोडके बाजूला सारून बाटली चाचपली आणि वर नरसिंहाचा अंगारा घातला. "आता गुण येतोय बगा," त्या म्हणाल्या. अशा रीतीनं ती बाटली पालमला पोचली ती देवाच्या अंगाऱ्यासकट.

आता मुख्य अडचण. रोज एक बाटली हवी, आणि हातात आहे जन्मातली एकच. मास्तर ओट्यावर डोकं धरून बसले असताना बन्सीधर पुन्हा आला. त्याचा मेव्हणा हैदराबादला एका हॉटेलात नान भाजायला होता. त्या मेव्हण्याच्या जोरावर बन्सीधर बोलू लागला. "बाटलीच्या बुडाला खमीर असतंय मास्तर. जित्तं खमीर. ते काढून ठिवायचं आन् गुळाच्या पाण्यात सोडायचं. की झाली नवी बिअर. त्यातलं थोडं ठिवायचं, की पुन्ना नवी."

मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे तर विरजण. दह्याला लागतं तसं. एक वाटी शेजारून आणली की जन्मभर दुकानाचं तोंड बघायला नको. इतकी साधी गोष्ट कचेरीला आणि कंपनीला आजवर कशी सुचली नाही, याचं त्यांना नवल वाटलं. सुमंगलाबाई मात्र म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून एकदा तरी दुधाला विरजण लावलंत का तुम्ही? आणि निघालात बिअर लावायला." मास्तरांनी या विधानाकडं दुर्लक्ष केलं. संशोधकाला घरातून विरोध होतोच.

बाटली एक दिवस कोपऱ्यात उभी ठेवली, खमीर खाली बसावं म्हणून. खाली काहीच बसलं नाही. बन्सीधरनं बॅटरी लावून पाहिलं आणि आपल्याला दिसतंय असं सांगितलं, म्हणून मग मास्तरांनाही दिसलं. दार लावून घेतलं. बन्सीधरच्या साक्षीनं मास्तरांनी आयुष्यातला पहिला घोट घेतला. कारल्याच्या रसात सोडा घातल्यासारखी चव. दुसरा घोट काही केल्या उतरेना. "पिण्यात वाया घालवण्यापेक्षा सगळीच विरजणाला ठेवू," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी आपल्या दूरदृष्टीवर स्वतःच मान डोलावली.

धान्य पाहिजे होतं. बिअरला परदेशात मोड आणलेले सातू लागतात, असं मास्तरांनी कुठंतरी वाचलं होतं. पालममध्ये ज्वारी होती. धुरपताबाईंनी ज्वारी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले, उन्हात वाळवून भरडून दिली. "कशाला पायजे म्हनलात?"

"बिअर करायचीय. औषधाची."

"म्हंजी आंबीलच की."

मास्तरांना हे लागलं. आंबील ही चुलीशेजारच्या गाडग्यातली वस्तू. ज्वारीचं पीठ रात्री ताकात कालवायचं, सकाळी शिजवायचं आणि ऊन तापायच्या आत शेतावर न्यायचं. बिअर म्हणजे शास्त्र. त्यांनी धुरपताबाईंना दोन्हींतला फरक अर्धा तास समजावून सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. पर आंबीलच की."

भरड उकळली, गाळली, गूळ घातला. लोणच्याची मोठी बरणी विसळून त्यात सगळं ओतलं आणि वर बाटलीतलं विरजण सोडलं. तोंडाला फडकं बांधलं. दोनशे पानी वहीत नोंद केली: 'दि. १० मे. प्रयोगास प्रारंभ.'

पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बरणीला कान लावून मास्तर बसत, आत काही आवाज येत नसे. आता बरणी आजारी म्हटल्यावर गल्ली समाचाराला येणारच. कुणी म्हणालं तोंड उत्तरेला करा, आता बरणीचं तोंड उत्तरेला कसं करणार ते म्हणणाऱ्यालाच ठाऊक. अण्णासाहेब म्हणाले थंडी बाधली असेल. बाहेर पारा त्रेचाळीसवर होता, तरी मास्तरांनी बरणीला घोंगडी गुंडाळली. धुरपताबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून नजर काढली. तिसऱ्या दिवशी फडकं सोडून पाहिलं, तर नुसता गुळाचा वास.

त्याच दुपारी मास्तरांना कळ आली. ती आली ती पाठीतून निघून पोटात, आणि पोटातून मांडीत. मास्तर टॉवेल तोंडात धरून जमिनीवर लोळले. सुमंगलाबाईंनी वीट तापवून पाठ शेकली, तासभर डोकं मांडीवर घेऊन बसल्या. कळ ओसरली तेव्हा त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. मास्तरांनी दोन घोट घेतले आणि तोंड फिरवलं. "ते मेलं गं," ते बरणीकडं बघत म्हणाले. "आता औरंगाबाद." सुमंगलाबाई तांब्या उचलून स्वैपाकघरात गेल्या.

चौथ्या दिवशी सकाळी मास्तर चहाच्या आधी बरणीपाशी गेले आणि तिथंच खाली बसले. फडकं फुगलेलं होतं. आत बारीक बारीक बुडबुडे, वर पांढरा फेस, आणि आंबूस वास घरभर. वहीत त्यांनी लिहिलं: 'दि. १४ मे, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. खमीर जागे झाले.' मग ते बाहेर जाऊन अण्णासाहेबांना उठवून आले. अण्णासाहेबांनी तारीख आणि वेळ आपल्याही डायरीत उतरवून घेतली, पुढं कधी उपयोगी पडेल म्हणून.

त्या दिवसापासून मास्तर बदललेच. दिवसातून सहा वेळा तांब्या भरायचा आणि गटगट रिकामा करायचा. चव आंबट. बन्सीधरनं विचारलं, बाटलीतली तर कडू होती. तेव्हा मास्तर म्हणाले, "ती कंपनीची भेसळ. अस्सल बिअर आंबटच असते." तांब्या संपला की गल्लीतून भिंतीच्या आधारानं, जपून पावलं टाकत चालत. अण्णासाहेबांकडं जाऊन त्यांनी आगाऊच सांगून ठेवलं की नशेत आपल्या तोंडून काही वावगं गेलं तर मनावर घेऊ नये. अण्णासाहेब आशेनं वाट बघत राहिले, पण मास्तरांच्या तोंडून पानिपतच्या लढाईपलीकडं काही गेलं नाही. ते नेहमीचंच होतं.

बरणी उतरली की बुडाशी चार बोटं ठेवून त्यावर नवी भरड. विरजण काही हटेना. आणि गावात विरजण असलेलं घर लपत नसतं. गावात खड्याची माणसं कमी नव्हती. पहिल्यांदा बन्सीधर वाटी घेऊन आला, मग त्याचा चुलता, मग वरच्या आळीतले दोघं. पिंगळीहून एक रेल्वेतला माणूस स्टीलचा डबा घेऊन आला. मास्तर सगळ्यांना देत. दिवेलागणीनंतर मात्र नाही. तिन्हीसांजेला घरातलं विरजण बाहेर जाऊ नये, हा दह्याचा नेम त्यांनी बिअरलाही लावला होता. महिनाअखेरीस पालममध्ये सात घरी 'मास्तरांची बिअर' लागत होती, आणि मास्तर रस्त्यानं जाताना माणसं उठून नमस्कार करत होती. सुविचार लिहून वीस वर्षांत एवढा मान मिळाला नव्हता.

पण चांगलं चाललेलं कुणाच्या तरी डोळ्यात येतंच. कुणीतरी परभणीला निनावी कार्ड टाकलं: 'पालम येथे हायस्कुलाचे मास्तर घरी बिअरचा कारखाना चालवतात. बिअर चांगली असते.'

तीस मे रोजी भर दुपारी दारूबंदीवाल्यांची जीप गल्लीत शिरली. एक जाडजूड इन्स्पेक्टर घाम पुसत उतरला, मागं दोन शिपाई. मास्तर तांब्या घेऊनच ओट्यावर बसले होते. गुन्हा दाखल झाला तर नोकरी जाणार, पेन्शन जाणार, फोटो पेपरात येणार. आणि खडा तर आहेच आत.

ते उठून उभे राहिले. "साहेब, सगळं मी केलंय," ते म्हणाले. "हिचा, बन्सीधरचा, धुरपताबाईंचा कुणाचा काही संबंध नाही. ही माझी वही. तारीखवार नोंद आहे."

अण्णासाहेब पंच म्हणून न बोलावता येऊन बसले होते. "पंचनामा बाकायदा झाला पाहिजे," त्यांनी बजावलं.

इन्स्पेक्टरनं वही चाळली. 'खमीर जागे झाले' इथं तो थोडा थांबला. मग बरणीचं फडकं सोडलं, वास घेतला, खिशातून काचेची नळी काढून आत सोडली आणि डोळे बारीक करून पाहिली. पुन्हा वास घेतला. शेवटी एक पेला भरला, ओठाला लावला आणि एका दमात रिकामा केला. सगळी गल्ली बघत होती.

"बाई," तो सुमंगलाबाईंना म्हणाला, "जिऱ्याची पूड हाय का घरात?"

त्यांनी आणून दिली. इन्स्पेक्टरनं दुसरा पेला जिरं टाकून प्यायला, एकेक शिपायांना दिला, आणि मग मिशी पुसत म्हणाला, "मास्तर, ही आंबील हाय."

"बिअर आहे," मास्तर म्हणाले.

"आंबील हाय."

"अहो, कंपनीच्या बाटलीतलं विरजण आहे हे. एका दिवसाचा परवाना आहे माझ्याकडं."

इन्स्पेक्टर खुर्चीवर नीट बसला. त्याला मास्तरांची दया आली असावी. "मास्तर, पंधरा वर्षं हेच काम करायलोय. कंपनीत बाटली भरायच्या आधी बिअर गाळतेत आन् भरल्यावर बाटली गरम करतेत. आतलं खमीर मरून जावं म्हनून. तुमी जे आनलं ते मेलेलं व्हतं. मेलेल्याला कितीबी गूळ घाला, ते उठत नसतंय."

"मग बरणी फेसाळली कशी?"

इन्स्पेक्टरनं नळी पुन्हा बरणीत सोडून पाहिली. मग स्वैपाकघराच्या दारातून सुमंगलाबाई म्हणाल्या, "मी घातली. चुलीशेजारच्या आंबिलीची पळी. तेरा तारखेला तिन्हीसांजेला. आणि त्यानंतर रोज थोडी थोडी."

मास्तरांच्या डोळ्यांसमोरून सात घरं गेली, पिंगळीचा डबा गेला, भिंतीच्या आधारानं टाकलेली पावलं गेली. गुन्हेगार म्हणून जेलात जायला ते तयार झाले होते. पण सोळा दिवस आंबील पिऊन झोकांड्या खाल्ल्या, हे पंचनाम्यात लिहिलं जाणं त्यांना सोसवेना. "साहेब, माझी विनंती आहे," ते म्हणाले. "बिअर असंच लिहा."

अण्णासाहेबांनी त्यांचा दंड धरला. "मास्तर, नोकरी वाचायलीय. आता मेहेरबानी करून गप बसा." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: 'सदर इसमाचे घरी एक बरणी आंबील मिळून आली. पंचांनी व साहेबांनी चाखून खात्री केली. चव चांगली.'

जीप गेली. मास्तरांनी बरणीवर फडकं बांधलं, ती कोपऱ्यात ढकलली आणि त्या दिवसापासून तिला हात लावला नाही. सुमंगलाबाईंशीही बोलणं बंद. त्या जेवायला वाढत, ते जेवत. गल्लीतून जाताना कुणी 'काय मास्तर, चढली का' म्हणालं की ते आकाशाकडं बघत. पाणी पुन्हा दोन घोटांवर आलं. एक तारखेला कळ आली, दोन तारखेला पुन्हा आली. चार तारखेच्या सकाळच्या एसटीनं निघायचं ठरलं होतं. पिशवीत दोन धोतरं, टॉवेल, एक्स-रे भरून झाला.

तीन तारखेला दुपारी सुमंगलाबाई आंबिलीचा तांब्या घेऊन त्यांच्यासमोर बसल्या.

"घ्या," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी तोंड फिरवलं. "सगळ्या गावासमोर हसं केलंस माझं."

"केलं. त्या दिवशी तुम्ही टॉवेल तोंडात धरून लोळत होता. मी पाणी पुढं केलं, तुम्ही दोन घोट घेतले. डॉक्टर पाणी प्या म्हणाले, आणि तुम्ही पाणी प्यायचे नाही हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे. पण बिअर म्हटलं की तुम्ही घागर प्यायला तयार. मग मी काय करायचं होतं?" त्यांनी तांब्या पुढं सरकवला. "मामंजींचं काय झालं ते सासूबाई मला सांगून गेल्यात. तुम्ही कधी सांगितलं नाही, पण मला माहीत आहे. तुमचा मान राहावा म्हणून नाही घातली मी ती पळी. तुम्ही राहावेत म्हणून घातली."

मास्तरांना वाटलं होतं, आपली भीती आपल्यापाशीच आहे. ती इतकी वर्षं दोघांत वाटून चालली होती हे त्यांना आत्ता कळलं. त्यांनी तांब्या उचलला आणि अर्धा केला.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

सुमंगलाबाई उठून मीठ घेऊन आल्या. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मास्तरांनी पाच तांबे प्यायले, आणि प्रत्येक वेळी मागून घेतले.

चार तारखेला सकाळी अण्णासाहेब निरोप द्यायला दारात छत्री घेऊन उभे होते. बन्सीधर पिशवी उचलायला आला होता. धुरपताबाई वाटेसाठी दही घेऊन आल्या होत्या. सुमंगलाबाई भाकरी बांधत होत्या. मास्तर निघायच्या आधी मोरीत गेले होते, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं जर्मनचं जुनं भगुनं घेऊन. तेवढ्यात आतून आवाज आला: टण्.

लहानसाच आवाज, पण घरातल्या सगळ्यांनी ऐकला. सुमंगलाबाईंच्या हातातली भाकरी तशीच राहिली. मास्तर बाहेर आले. एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर हरभऱ्याच्या डाळीएवढा तपकिरी खडा. ते नुसते सुमंगलाबाईंकडं बघून हसत होते आणि डोळे पुसत होते. धुरपताबाईंनी तिथल्या तिथं नरसिंहाला नारळ बोलला. अण्णासाहेबांनी घड्याळ बघून वेळ टिपून घेतली.

एसटी धरलीच, पण तिकिटं परभणीचीच काढली. (वर्षाचा परवाना पुढं जुलैत पोस्टानं आला, 'बऱ्याच वर्षांपासून सेवन' या नोंदीसकट. मास्तरांनी तो एक्स-रेच्या पाकिटात ठेवून दिला.) डॉक्टरांनी खडा चिमट्यात धरून उजेडात पाहिला, नवा एक्स-रे काढला आणि हात पुढं केला. "अभिनंदन मास्तर. ऑपरेशनचं काम नाही आता. पण पडला कसा? बिअर घेतलीत वाटतं. बरेच लोक घेतात, लाजू नका."

बाकावर मास्तरांशेजारी सुमंगलाबाई बसल्या होत्या. त्यांनी नजर खाली घातली आणि पदर नीट केला. तपासणीच्या पडद्यापलीकडं चार-पाच पेशंट होते, त्यातला एक पालमचाच होता आणि कान देऊन ऐकत होता. हे मास्तरांनी पाहिलं. ते ताठ बसले, घसा साफ केला आणि त्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नाही डॉक्टर. आंबील. हिच्या हातची."